मेसेज आला की निघा

७ मार्च २०१६, सोमवार. लातूर

नांदेडहून फोन आला. तिथल्या कॉलेजच्या कॉम्प्युटर विभागात माझी निवड झाली! २ मेला हजर व्हायचं, मूळ कागदपत्रं सोबत आणायची. आईला सांगितलं तर ती फोनवरच रडायला लागली. नांदेडला गेले की दर शनिवारी हदगावला, घरी. इथून तर सणालाही जमत नाही.

अडचण एकच आहे. माझ्या मार्कशीट, डिग्री, जातीचा दाखला, सगळं ऑफिसचे मालक सिद्धलिंग सरांच्या लोखंडी कपाटात आहे. नोकरीला लागले तेव्हा "सांभाळून ठेवतो" म्हणून त्यांनी घेतलं होतं. आज दुपारी मागितलं.

"जा की. मी अडवलं का तुला?" सर म्हणाले. "फक्त तुझ्या जागी एक माणूस तयार कर, त्याच्या हाती सगळं दे, अन् कागद घेऊन खुशाल जा."

"पण माणूस कुठला आणू, सर?"

"मिळंल की. घाई काय हाय?" मग जरा थांबून म्हणाले, "नरसिंग गेला तवा हे ऑफिस बसलंच होतं. तू आलीस म्हणून उभं हाय. खरं सांगतो पंचशीला, तुझ्यासारखं दुसरं कुणी न्हाई."

एवढं चांगलं ते कधी बोलत नाहीत. मी परत जागेवर जाऊन बसले.

११ मार्च, शुक्रवार

आमचं ऑफिस प्रोग्राम बनवत नाही, दुसऱ्यानं बनवलेले सांभाळतं. दोन डाळमिल, एक कापडाचं दुकान आणि एका संस्थेचं डायलिसिस केंद्र. केंद्राचा प्रोग्राम तेवढा माझ्याआधी इथं असलेल्या नरसिंगनं लिहिला. ज्यांच्या किडन्या काम करत नाहीत अशा माणसांचं रक्त तिथं मशीनवर धुऊन काढतात. कोणता पेशंट, कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर, हे प्रोग्राम ठरवतो आणि आदल्या दिवशी त्याच्या मोबाईलवर मेसेज पाठवतो. नरसिंग हैदराबादला निघून गेला, आता त्याचा नंबरही लागत नाही. कुठं काय केलंय ते त्यानं लिहून ठेवलं नाही. एका ठिकाणी फक्त एवढंच लिहिलंय, "याला हात लावू नये." का लावू नये ते नाही. मी त्याला रोज शिव्या देते. तसं मीही कुठं लिहून ठेवते म्हणा. वेळ कोणाला आहे?

आज सरांनी नवीन काम दिलं. पेपरात परत आलंय की उदगीर वेगळा जिल्हा होणार. तिकडची मंडळी १ मेला घोषणा होईल म्हणून आस लावून बसलीत. संस्थेला तिथं दुसरं केंद्र काढायचंय. त्यासाठी उदगीर, देवणी, जळकोट भागातले पेशंट प्रोग्राममध्ये वेगळे दिसले पाहिजेत.

मी म्हटलं, "सर, जिल्हा अजून झाला नाही."

"व्हणार की! झाल्यावर पळायचं का?"

१५ मार्च, मंगळवार

नवीन जिल्हा झाला. सरकारकडून नाही, माझ्याकडून. तपासून बघायला वेगळं मशीन नाही, म्हणून केंद्राच्या चालू कॉम्प्युटरवरच केलं, दोन शिफ्टच्या मधल्या वेळेत. त्या तीन तालुक्यांचे पेशंट "लातूर"मधून काढून "उदगीर"मध्ये टाकले. अहवाल छापून बघितला, बरोबर आला. सर खूश. मी लगेच कागदांचा विषय काढला. म्हणाले, "मार्च संपू दे."

२३ मार्च, बुधवार

नळाला पाणी येऊन किती दिवस झाले ते आता मोजत नाही. पाण्याच्या टाक्यांपाशी भांडणं होतात म्हणून जमावबंदी लावली. घरमालकीण मला दोन घागरी देते, त्याच्यात आंघोळ की कपडे ते ठरवायचं.

केंद्रात नीलम्मा अज्जी भेटली. उदगीरची आहे, एकटी राहते. कडक भाकरी करून विकते, आठवड्यातून दोनदा एसटीनं इथं येते. मशीनवर पडल्यापडल्या सगळ्या वॉर्डाला हसवते. मला बघितलं की हाक मारणारच.

"अगं पोरी, ह्या बारी तुझा मेसेज आला न्हाई."

"तो मी नाही पाठवत, अज्जी, प्रोग्राम पाठवतो. नेटवर्क नसेल. वार तर ठरलेलाच आहे ना?"

"वार हाय म्हणूनच आले की. पर मेसेज आला की बरं वाटतंय. कुणीतरी आठवण केल्यागत."

बघते म्हटलं. तेवढ्यात डाळमिलवाल्यांचा फोन आला, त्यांचा वजनकाटा कॉम्प्युटरशी बोलेना. संध्याकाळ तिथंच गेली. बघायचं राहिलं.

४ एप्रिल, सोमवार

डायलिसिसला लई पाणी लागतं, तेही चांगलं. केंद्राची बोअर आटली. आता सगळा भरवसा टँकरवर, आणि टँकर कधी येईल ते टँकरवाल्यालाही माहीत नाही. गेल्या आठवड्यात लांबून आलेली माणसं दिवसभर बाकावर बसून तशीच परत गेली. केंद्राच्या पंचाक्षरी डॉक्टरांना ते सहन झालं नाही. आज त्यांनी आम्हाला बोलावलं.

"ठरलेले वार बंद," ते म्हणाले. "टँकर आला की पाण्याच्या हिशोबानं प्रोग्रामनं नावं लावायची, मगच मेसेज जाईल. ज्याला मेसेज आला त्यानंच यायचं. आजारी माणसाला फुकट एसटीत घालू नका."

सर म्हणाले, परवापर्यंत होईल. मला विचारलंही नाही.

६ एप्रिल, बुधवार

झालं. तपासलंसुद्धा. माझं आणि रिसेप्शनवरच्या कमलम्माक्काचं नाव पेशंट म्हणून टाकलं, पत्ता आमच्या खोल्यांचा, इथलाच. दोघींच्या मोबाईलवर लगेच मेसेज वाजला. "उद्या सकाळी ८ वाजता डायलिसिससाठी यावे." अक्का हसून म्हणाली, "देव करो अन् हा मेसेज आपल्याला कधी न येवो."

सगळ्या पेशंटना फोन करून सांगितलं गेलंय, मेसेज आला की निघा. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली. खरंच चांगलं काम झालं असं वाटलं. मग वाटलं, हेच तर नको आहे. जेवढं चांगलं करते तेवढी मी इथं रुतत चालले आहे.

९ एप्रिल, शनिवार

केंद्रात गर्दी कमी झाली आहे. बाकावर कोणी ताटकळत नाही. डॉक्टर म्हणतात, पाणी पुरतंय.

कमलम्माक्का सांगत होती, "जळकोटकडनं एका बाईचा फोन आला. आमच्या मालकाचा नंबर कधी म्हणून विचारत होती. मी बघितलं, मेसेज गेलेल्यांच्या यादीत नाव न्हाई. म्हटलं, मेसेज येईल, थांबा. बरोबर ना?"

"बरोबर," मी म्हटलं. "प्रोग्राम नंबराप्रमाणंच लावतो."

नीलम्मा अज्जीही दिसली नाही. लेकीकडं बीदरला गेली असेल. सगळेच गाव सोडून राहिलेत, ज्याचं जिथं पाणी तिथं.

१२ एप्रिल, मंगळवार

पाण्याची रेल्वे आली! स्टेशनवर माणसांची झुंबड. रिकामे हंडे घेऊन नाही, नुसतं बघायला. मीही गेले. इतकं पाणी एका जागी बघून मी डबे मोजत राहिले. आज पहिल्यांदा वाटलं की निभावेल.

परवा बाबासाहेबांची जयंती. हदगावला जायला सुट्टी मागितली. सर म्हणाले, "केंद्र चालू हाय. मेसेज अडकला तर कोण बघणार? तूच सांग." दुसरं कोणी नाही हे खरंच आहे. कागदांचं विचारलं. म्हणाले, "मे उजाडू दे."

१४ एप्रिल, गुरुवार

आजचं सगळं लिहून ठेवते.

रस्त्यावर जयंतीची मिरवणूक चालली होती आणि मी केंद्रात बसले होते. दुपारी दारात एक जीप थांबली. दोन बायांनी धरून नीलम्मा अज्जीला उतरवलं. मी ओळखलंच नाही. तोंड सुजून डोळे मिटले होते. श्वास घेताना घशातून घरघर येत होती. डॉक्टर धावत आले.

"इतके दिवस कुठं होत्या या?"

शेजारीण म्हणाली, "मेसेजच आला न्हाई, सायब. आम्ही रोज फोन बघून राहिलो. अज्जी म्हणली, मेसेजबिगर जायचं न्हाई, दुसऱ्याचं पाणी जाईल."

अज्जीला मशीनवर घेतलं. मी कॉम्प्युटरपाशी गेले. तिचं नाव होतं. फोन नंबर बरोबर होता. पण १५ मार्चनंतर तिला एकही मेसेज गेलेला नव्हता. मग बाकीचे बघितले. उदगीर, देवणी, जळकोट. एकालाही नाही.

मेसेज पाठवायचा भाग नरसिंगनं वेगळाच लिहून ठेवलाय, जिथं "हात लावू नये" लिहिलंय तिथंच. आज पहिल्यांदा तो नीट वाचला. त्यात एक अट आहे. जिल्हा "लातूर" असेल तरच मेसेज जावा. नांदेड, बीदरचे पेशंट एखाद्या वेळचे पाहुणे असायचे, त्यांना फुकट मेसेज जाऊ नयेत म्हणून त्यानं घातली असेल. त्याच्या वेळी ते बरोबरच होतं. मी मार्चमध्ये त्यांचा जिल्हा बदलला, तेव्हाच त्यांचे मेसेज बंद झाले. पण वार ठरलेले होते, म्हणून ते येत राहिले आणि कोणाला कळलं नाही. एप्रिलमध्ये वार बंद करून सगळं मेसेजवर टाकलं. त्या दिवसापासून ही माणसं कोणाच्या लेखी उरलीच नाहीत. दोन बदल. दोन्ही माझे. अज्जीनं तर मला तोंडावर सांगितलं होतं.

अट काढली. एक ओळ. मग एकेकाला फोन लावला. लगेच निघा, जीप करा, पैशाचं नंतर बघू. सगळे निघाले. शेवटचं नाव साहेबराव, जळकोटजवळच्या खेड्यातले. फोन त्यांच्या बायकोनं उचलला. मी सांगायला लागले, तर तिनं मला मध्येच थांबवलं.

"बाई, ते परवा गेले."



तीच म्हणाली, "दवाखान्याला पाणी मिळालं का आता?"

"मिळालं," मी म्हटलं आणि फोन ठेवला.

१५ एप्रिल, शुक्रवार

सरांना सकाळी सगळं सांगितलं. ते उठले, केबिनचं दार लावलं.

"डॉक्टरला सांगितलंस?"

"अजून नाही. काल ते वॉर्डातून बाहेरच आले नाहीत."

"मग सांगू नको. मेसेज कंपनीचा घोळ झाला म्हणायचं. रोजच कुठं ना कुठं होत असतोय."

"सर, एक माणूस गेला."

"किडनीचा पेशंट होता, पंचशीला. जाणारच होता. तुला काय वाटतं, पोलीस कुणाचं नाव लिहितील? माझं का ज्यानं प्रोग्रामला हात लावला त्याचं?"

मग त्यांनी कपाट उघडलं, माझी फाईल काढून टेबलावर ठेवली. सव्वा महिना मागत होते मी.

"जा नांदेडला. आजच जा पाहिजे तर. तुझ्या जागी माणूस मी बघतो. फक्त हे इथंच राहिलं पाहिजे."

फाईल घेतली. हे लिहायला लाज वाटते, पण घेतली.

१७ एप्रिल, रविवार

बॅग भरली. उद्या सकाळच्या गाडीनं निघायचं ठरवलं. जाताजाता अज्जीला बघावं म्हणून केंद्रात गेले.

सूज उतरली आहे. आवाज बारीक झालाय. मला खाटेवर बसवलं.

"अज्जी, फोन का नाही केलास?"

"शेजारणीनं केला की. दवाखान्यातल्या बाई म्हणल्या, यादीत न्हाई. मला वाटलं पाणी थोडं हाय, माझ्यापरीस ज्याला जास्त गरज त्येचा नंबर आधी लागला असंल. तुमच्या मशीनला सगळ्यांचं सगळं कळतंय म्हणत्यात न्हवं?"

तिनं माझा हात तसाच धरून ठेवला आणि झोपली. हात सोडवून घेतला तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. बॅग तशीच कोपऱ्यात आहे.

१८ एप्रिल, सोमवार

गाडी सकाळची होती. मी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसून राहिले.

सगळं सांगितलं. जिल्ह्याचं, अटीचं, दोन बदलांचं, अज्जीनं सांगूनही मी बघितलं नाही त्याचं, साहेबरावांचं. सरांनी फाईल दिली तेही. मध्ये एकदाही त्यांनी मला थांबवलं नाही. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"वार मी बंद केले," ते म्हणाले. "माणसं दिसेनात, तर मी म्हटलं पाणी पुरतंय. मी डॉक्टर आहे. पेशंट आला नाही तर तो कुठं आहे हे मी विचारायला पाहिजे होतं."

मग त्यांनी लेखी कळवायचं ठरवलं, संस्थेलाही आणि सरकारी दवाखान्यालाही. माझं नाव येईल का विचारलं. म्हणाले, "येईल. माझंही येईल." आजपासून मेसेज गेला तरी रोज प्रत्येक पेशंटला फोन करायचा, आणि जो उचलणार नाही त्याच्या गावात कोणाला तरी पाठवायचं.

उठताना त्यांनी विचारलं, "हा प्रोग्राम तुमच्याशिवाय अजून कुणाला समजतो?"

"नाही."

"मग तुम्ही आत्ता जाऊ शकत नाही."

ना धमकी दिली, ना आवाज चढवला. सरांनी माझे कागद कुलपात ठेवले होते तेव्हा निदान कुलपावर राग तरी काढता येत होता.

सरांनी फोनवर एवढंच सांगितलं की ऑफिसात परत पाय ठेवू नको. तिथला पगार बंद. डॉक्टर म्हणाले, केंद्र ठेवून घेईल. नांदेडला फोन करून येऊ शकत नाही म्हणून कळवलं. तिकडच्या मॅडमनी "का?" विचारलं, मला एका वाक्यात सांगता आलं नाही.

आईला वाटलं मी रडेन. मी रडले नाही, तीही नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्या गेलेल्या माणसाच्या बायकोकडं गेलीस का? आधी तिच्याकडं जाऊन ये. बाकीचं मग बघू."

२४ एप्रिल, रविवार

साहेबरावांच्या घरी जायला डॉक्टर सोबत येणार होते. सकाळीच टँकर आला, त्यांना निघता आलं नाही. एकटीच गेले. उदगीरला एसटी बदलली, पुढं जीप. सगळीकडं करड्या रंगाची रानं, मधेच एखादं पळसाचं झाड. जीपमध्ये लोक जिल्ह्याचंच बोलत होते. ऑफिसं कुठं होणार, जमिनीचे भाव कसे चढणार. मी खिडकीकडं तोंड करून बसले.

घर वस्तीच्या टोकाला. दारावर निळा झेंडा, जयंतीचा. आत बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली साहेबरावांचा, नवीन फ्रेममधला. त्यांच्या पत्नी नागुबाई पन्नाशीच्या असतील. "जयभीम" म्हणाल्या, चटई टाकली, तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. ते पाणी किती लांबून आणलं असेल ते मला माहीत होतं. प्याले. नाही म्हणणं जास्त वाईट झालं असतं.

मग सांगितलं. कॉम्प्युटरचं त्यांना समजेल असं सांगायचा प्रयत्न केला. त्यांच्या घराचा जिल्हा मी बदलला. त्यामुळं मेसेज गेला नाही. चूक माझी होती. सगळ्यांची थोडी थोडी होती, पण मेसेज माझ्यामुळं अडला.

त्यांनी ऐकून घेतलं. नखानं चटईची काडी उकरत राहिल्या.

"म्हंजे पाणी व्हतं?"

"होतं."

"त्येंचा नंबर लागला असता?"

"लागला असता."

त्या फोटोकडं बघत नव्हत्या, माझ्याकडंही नाही. दाराबाहेर उन्हात बघत म्हणाल्या, "मी त्येंना म्हणत व्हते, दुसऱ्या कुणाचा नंबर असंल, जरा कळ काढा. ते म्हणायचे, काढतो. लई काढली वो त्येंनी. मीच सांगत व्हते."

"तुमचं चुकलं नाही, मावशी." माझ्या तोंडून निघालं. हे बोलायचा हक्क मला नव्हता. पण तिथं दुसरं कोणी नव्हतं आणि ते कोणीतरी सांगायला पाहिजे होतं.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दिल्या नाहीत. माफ केलं असंही म्हणाल्या नाहीत. शेजारच्या बायका दारात गोळा झाल्या होत्या. एकीनं विचारलं, कोण हाय ही? नागुबाई म्हणाल्या, "दवाखान्यातली." एवढंच.

अर्जाला लागणारे कागद डॉक्टरांनी माझ्यासोबत पाठवले होते. भरपाईसाठी अर्ज करा, ते स्वतः साक्ष देतील, हे सांगितलं. नागुबाईंनी कागद घडी करून कोनाड्यात ठेवले, वाचले नाहीत.

जीपचा भोंगा वाजला म्हणून उठले. त्या दारापर्यंत आल्या.

"आता बाकीच्यांला सांगावा जातोय का?"

"जातो. मेसेजही जातो आणि फोनही करतो, एकेकाला. उचलेपर्यंत."

"कोण करतंय?"

"मी."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"मग कर," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

उदगीरच्या स्टँडवर एसटीला वेळ होता. फलाटाच्या सावलीत बसून मी उद्याच्या पेशंटना फोन लावायला सुरुवात केली. पहिल्यानं उचलला. दुसऱ्यानं नाही. मी परत लावला.